पेढा की बर्फी, कालवड की गोऱ्हा

नेपरव्हिलमधल्या मराठी घरांत डोहाळजेवण बहुधा बेसमेंटमध्ये होतं. वर एवढी माणसं मावत नाहीत आणि झोपाळा टांगायला छताला कडीही नसते. मग खाली एक खुर्ची फुलांनी सजवायची आणि तिलाच झोपाळा म्हणायचं. हिरवी साडी, फुलांचे दागिने, पाच जणींनी भरलेली ओटी, आणि शेवटी सगळे ज्याची वाट बघत असतात तो खेळ: झाकलेल्या दोन वाट्या. एकीत पेढा, दुसरीत बर्फी. होणाऱ्या आईने एक वाटी उघडायची. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. रूट ५९ वरच्या भारतीय दुकानांत दोन्ही जिन्नस मिळतात, त्यामुळे शिकागोच्या पश्चिमेला ४५ किलोमीटरवर वसलेल्या या दीड लाख वस्तीच्या गावात खेळाला काही कमी पडत नाही.

उत्सुकता मात्र जरा पातळ झाली आहे. गरोदरपणाच्या दहाव्या आठवड्यानंतर आईच्या दंडातून काढलेल्या रक्तात बाळाच्या डीएनएचे तुकडे सापडतात. त्यांत वाय गुणसूत्राचे तुकडे आहेत की नाहीत हे प्रयोगशाळा सांगू शकते, आणि इलिनॉयमध्ये ते आईबापांना सांगायला कायद्याची आडकाठी नाही. अशी चाचणी अमेरिकेच्या बाजारात २०११ मध्ये आली. तेव्हापासून बेसमेंटमधल्या निम्म्या पाहुण्यांना उत्तर आधीच ठाऊक असतं. चुकीची वाटी उघडली की हशा पिकतो. तोच खेळ साताऱ्यात किंवा सांगलीत रंगतो तेव्हा खोलीतल्या कुणालाच उत्तर माहीत नसतं, निदान नसायला हवं. तिथे सोनोग्राफीच्या खोलीबाहेर पाटी असते: इथे गर्भलिंगनिदान केलं जात नाही, तो कायद्याने गुन्हा आहे.

आणि तिसरी जागा गोठा. गाय व्याली की शेजारी पहिला प्रश्न विचारतो तो हाच, काय झालं? ‘कालवड’ म्हटलं की चेहरे खुलतात आणि खरवसाची वाटी शेजारी भरून जाते. ‘गोऱ्हा’ म्हटलं की ‘बरं, असू दे’. म्हशीचं तेच, पारडी हवी, टोणगा नको. औताची कामं ट्रॅक्टरने घेतली तेव्हाच गोऱ्ह्याचा भाव उतरला होता. २०१५ पासून राज्यात बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली आणि त्याला गिऱ्हाईकच राहिलं नाही. घरात जिच्या जन्माला पेढ्याऐवजी बर्फी, ती गोठ्यात मात्र लक्ष्मी.

पोटातलं पिल्लू नर की मादी हे आधी कळावं, या जुन्या हौशीच्या इतिहासात एका जनुकाची कारकीर्द मोठी मजेशीर आहे. झेडएफवाय हे त्याचं नाव. जेमतेम तीन वर्षं ते पुरुषत्वाची किल्ली म्हणून मिरवलं, मग त्याचा मान गेला, आणि त्यानंतर ते गुरांच्या प्रयोगशाळांत रोजंदारीला लागलं. ही गोष्ट सांगायला आरंभ मात्र नेपरव्हिलच्या रेल्वे रुळांपासून करावा लागतो.

जोसेफ नेपर या बोटीच्या कप्तानाने १८३१ मध्ये ड्यूपेज नदीकाठी ही वसाहत केली. १८६४ मध्ये शिकागो, बर्लिंग्टन अँड क्विन्सी कंपनीची रेल्वे गावात आली. पुढच्याच वर्षी, २५ डिसेंबर १८६५ रोजी, शिकागोच्या दक्षिणेला युनियन स्टॉक यार्ड्स हा गुरांचा अवाढव्य बाजार उघडला, आणि आयोवा, नेब्रास्काकडची गुरं डब्यांत भरून याच रुळांवरून पूर्वेला जाऊ लागली. आज त्याच मार्गावर मेट्राच्या लोकल धावतात आणि त्यांत लॅपटॉप मांडीवर घेतलेली माणसं असतात. बाजार जुलै १९७१ च्या अखेरीस बंद झाला. एक दगडी कमान तेवढी उभी आहे.

या बाजाराने अमेरिकेला मांस पुरवलं, हे सगळे जाणतात. त्याने जीवशास्त्राला काय पुरवलं ते फारसं सांगितलं जात नाही. शिकागो विद्यापीठात प्राणिशास्त्र विभागाचे प्रमुख होते फ्रँक लिली. गर्भाची वाढ हा त्यांचा विषय. शिकागोजवळ त्यांच्या कुटुंबाचा मळा होता. तिथल्या व्यवस्थापकाने एकदा गायीच्या पोटातली जुळी पिल्लं, वारेसकट, आवरणं न फाडता त्यांच्याकडे पाठवून दिली. एक नर होता. दुसरं वरकरणी मादी.

गायीला जुळं झालं आणि त्यात एक गोऱ्हा व एक कालवड असली, तर ती कालवड बहुतेक वेळा वांझ निघते, हे गुराख्यांना शतकानुशतकं माहीत होतं. इंग्रज शेतकरी तिला फ्रीमार्टिन म्हणत. लंडनचे नामवंत शल्यविशारद जॉन हंटर यांनी १७७९ मध्ये अशा जनावरांची चिरफाड करून रॉयल सोसायटीपुढे टिपण वाचलं: बाहेरून गाय, आत अर्धवट अंडाशय, अर्धवट वृषण. पण असं का होतं? हंटरना ते सुटलं नाही, आणि पुढची सव्वाशे वर्षं कुणालाच सुटलं नाही. काहींचं म्हणणं असं की ही कालवड नव्हेच, मुळात तो बिघडलेला गोऱ्हाच. दोन्ही पिल्लं एकाच बीजातून फुटलेली.

लिलींनी वाद मिटवायला कत्तलखान्याचा रस्ता धरला. स्टॉक यार्ड्समध्ये रोज हजारो गुरं कापली जात. गाभण गायीच्या पोटात जुळं निघालं की गर्भाशयच्या गर्भाशय बाजूला ठेवून विद्यापीठात पाठवायचं अशी व्यवस्था त्यांनी स्विफ्ट कंपनीच्या माणसांकडून करवून घेतली. शिकागोबाहेर कुठल्याही प्राध्यापकाला हे जमलं नसतं. एवढी गाभण जनावरं एका ठिकाणी, एका दिवसात, दुसरीकडे कुठे मिळणार?

टेबलावर गर्भाशय उघडलं की पहिल्यांदा अंडाशय बघायचे. प्रत्येक बीज सुटल्यावर अंडाशयावर एक पिवळसर गाठ मागे राहते. जुळं एका बीजाचं असेल तर गाठ एक, दोन बीजांचं असेल तर दोन. इथे गाठी दोन सापडत. म्हणजे नर आणि मादी स्वतंत्र बीजांतून आलेले, सख्खे पण वेगळे. बिघडलेल्या गोऱ्ह्याची कल्पना तिथेच संपली. मग वार तपासायची. दोन्ही पिल्लांच्या वारेतल्या रक्तवाहिन्या एकमेकींत शिरलेल्या दिसत; एका पिल्लाच्या नाळेत रंगीत द्रव सोडला की तो दुसऱ्याच्या अंगात उतरे. क्वचित एखाद्या जुळ्यात वाहिन्या जुळलेल्या नसत, आणि नेमक्या त्याच जोडीतली कालवड धडधाकट असे. १९१६ आणि १९१७ मध्ये लिलींनी निष्कर्ष छापला: भावाच्या रक्तातून येणारं काहीतरी बहिणीची जननेंद्रियं बिघडवतं. त्या ‘काहीतरी’ला त्यांनी लैंगिक संप्रेरक म्हटलं. त्या वेळी एकही लैंगिक संप्रेरक शुद्ध स्वरूपात वेगळं काढलेलं नव्हतं, हे लक्षात घेतलं तर म्हाताऱ्या गुराख्यांच्या अनुभवावरून केलेली ही उडी किती लांबची होती ते कळतं.

शेजारच्या विस्कॉन्सिनमध्ये रे ओवेन यांनी १९४५ मध्ये या गोष्टीला आणखी एक अध्याय जोडला. जुळ्या वासरांच्या रक्तात दोन-दोन रक्तगट आढळत. गर्भात असताना भावंडांच्या रक्तपेशींची अदलाबदल झालेली, आणि पाहुण्या पेशी जन्मभर तिथेच नांदत. शरीर परक्याला हाकलत का नाही, या प्रश्नावरून बर्नेट आणि मेडावर यांचं अवयवरोपणाला पाया देणारं काम उभं राहिलं; त्याला १९६० चं नोबेल मिळालं. ओवेनना मिळालं नाही. गुरांच्या गोठ्यातून निघालेल्या शोधांचं असं पुष्कळदा होतं.

आपल्या गोष्टीला यातला एकच धागा लागतो: फ्रीमार्टिन कालवडीच्या रक्तात भावाच्या, म्हणजे वाय गुणसूत्र असलेल्या, पेशी फिरत असतात.

वाय गुणसूत्र पुरुष घडवतं हे माणसाच्या बाबतीत पक्कं व्हायला १९५९ साल उजाडलं. दोन एक्स आणि एक वाय असलेली व्यक्ती पुरुष असते, एकच एक्स असलेली स्त्री, हे त्या वर्षी दिसून आलं; म्हणजे एक्स किती आहेत याला महत्त्व नाही, वाय आहे की नाही याला आहे. पण वायवरचा नेमका कुठला तुकडा? बॉस्टनशेजारच्या केंब्रिजमधल्या व्हाइटहेड इन्स्टिट्यूटमध्ये डेव्हिड पेज यांनी याची हद्द आखत आणली. काही पुरुषांच्या पेशींत दोन एक्स असतात, तरी ते पुरुष असतात, कारण वायचा चिमूटभर भाग चुकून एक्सवर जाऊन बसलेला असतो. उलट काही स्त्रियांत वाय असतं, पण त्यातला एक घास तुटलेला असतो. एकाच्या अंगी आहे आणि दुसरीच्या अंगी नाही, असा भाग शोधत पेज सुमारे १ लाख ४० हजार अक्षरांच्या पट्ट्यावर येऊन थांबले. त्या पट्ट्यात त्यांना एक जनुक मिळालं. डिसेंबर १९८७ मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात ते प्रसिद्ध झालं आणि वर्तमानपत्रांनी मथळे केले की पुरुष घडवणारं जनुक सापडलं.

ते जनुक ज्या प्रकारचं होतं त्यामुळेही विश्वास बसला. १९८५ मध्ये इंग्लंडमधल्या केंब्रिजात एरन क्लुग आणि सहकाऱ्यांनी बेडकाच्या अंड्यातल्या एका प्रथिनाचा अभ्यास करताना ओळखलं होतं की त्यात तीसेक अमिनो आम्लांचा एकच नमुना नऊ वेळा येतो, आणि प्रत्येक नमुन्यात दोन सिस्टीन व दोन हिस्टिडीन मिळून जस्ताचा एक अणू चिमटीत धरतात. पत्र्याला गंज लागू नये म्हणून ज्याचा मुलामा देतात तेच हे जस्त. त्याच्याभोवती साखळी दुमडून बोटासारखी पुढे येते आणि डीएनएच्या खाचेत घुसून अक्षरं चाचपते. म्हणून नाव पडलं झिंक फिंगर. ज्या प्रथिनाला अशी बोटं असतात ते बहुधा दुसऱ्या जनुकांना चालू-बंद करणारं, हुकूम देणारं असतं. पेज यांच्या जनुकाला एक-दोन नव्हे, तेरा बोटं होती. शरीराला पुरुष हो म्हणून आज्ञा देणारा अधिकारी असाच असणार, असं कुणालाही वाटलं असतं. त्याचं नाव ठेवलं झेडएफवाय: झिंक फिंगर, वाय. एकच गोष्ट खटकत होती. जवळजवळ तसंच एक जनुक एक्सवरही बसलं होतं, झेडएफएक्स. स्त्रीपुरुष दोघांकडे असलेला अधिकारी एकालाच हुकूम कसा देईल?

शास्त्रज्ञ यावर डोकं खाजवत असताना इकडे मुंबईत वेगळीच धावपळ चालली होती. गर्भजल तपासून गुणसूत्रांवरून मुलगा की मुलगी सांगण्याची सोय सत्तरच्या दशकात भारतात आली, ती गर्भातले आजार ओळखण्यासाठी. दहा वर्षांत तिचा धंदा झाला. आज थोडे पैसे खर्चा, उद्याच्या हुंड्याचे लाख वाचवा, या धर्तीच्या जाहिराती लोकल गाड्यांच्या वाटेवर झळकत. संजीव कुलकर्णी यांनी मुंबईतल्या ५० स्त्रीरोगतज्ज्ञांची पाहणी केली. त्यांतले ८४ टक्के लिंगनिदानासाठी गर्भजलपरीक्षा करत होते. स्त्रीसंघटना, डॉक्टर आणि विज्ञानचळवळीतली माणसं एकत्र येऊन गर्भलिंगनिदानविरोधी मंच उभा राहिला, निदर्शनं झाली, विधिमंडळात प्रश्न गेला. अखेर १९८८ मध्ये महाराष्ट्राने प्रसवपूर्व निदानतंत्राच्या वापराचं नियमन करणारा कायदा केला, १० मे रोजी तो लागू झाला. देशातला असा हा पहिला कायदा. ‘सेल’मधल्या त्या लेखाला तेव्हा पाच महिनेही झाले नव्हते. दोन्ही घटनांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. पण एकीकडे लिंग ठरवणारं जनुक सापडल्याचा आनंद आणि दुसरीकडे लिंग सांगू नका म्हणून कायदा, हे एकाच हिवाळ्या-उन्हाळ्यातलं.

झेडएफवायचं सिंहासन डळमळायला फार वेळ लागला नाही. १९८८ च्या अखेरीस ऑस्ट्रेलियाहून बातमी आली की कांगारूच्या कुळातल्या प्राण्यांत हे जनुक वायवर नाहीच, साध्या गुणसूत्रावर आहे. तरी तिथेही नर जन्मतातच. १९८९ मध्ये लंडनच्या गटाला दोन एक्स असलेले असे पुरुष मिळाले की ज्यांच्याकडे वायचा तुकडा होता, पण त्या तुकड्यात झेडएफवाय नव्हतं. किल्ली दुसरीकडे होती. जुलै १९९० मध्ये पीटर गुडफेलो आणि रॉबिन लव्हेल-बॅज यांच्या गटांनी ती जाहीर केली: एसआरवाय. पुढच्या वर्षी हे एक जनुक टाकून दोन एक्सवाल्या उंदराच्या गर्भाला नर करून दाखवलं, आणि वाद संपला.

पेज चुकले कसे? त्यांचा नकाशा ज्या स्त्रीवर बेतला होता तिचं वाय एकाच ठिकाणी तुटलं आहे असं त्यांनी धरलं होतं. ते दोन ठिकाणी तुटलेलं होतं. दुसऱ्या तुटीत एसआरवाय गेलं होतं. हे १९९० मध्येच त्यांनी स्वतः शोधून छापलं. विज्ञानात चुका सगळेच करतात. आपली चूक आपणच, त्याच वर्षी, त्याच विषयावर छापणारे थोडे.

इतिहासाच्या पुस्तकात झेडएफवाय इथे संपतं. गुरांच्या इतिहासात ते इथून सुरू होतं.

त्याच १९९० मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतल्या आसेन आणि मेद्रानो यांनी एक साधी युक्ती मांडली. एक्सवरचं झेडएफएक्स आणि वायवरचं झेडएफवाय इतकी सारखी की एकाच जोडीच्या प्रायमरने, म्हणजे प्रत काढायला सुरुवात करून देणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांनी, दोघांच्या प्रती काढता येतात. प्रती एकाच लांबीच्या निघतात. मग त्यांच्यावर डीएनए ठरावीक अक्षरांपाशी कापणारं विकर सोडायचं. दोघांच्या मजकुरातल्या बारीक फरकामुळे ते दोघांना वेगवेगळ्या ठिकाणी कापतं. तुकडे जेलीच्या पातळ वडीत विजेच्या प्रवाहाने ओढले की लहान तुकडे पुढे धावतात, मोठे मागे राहतात, आणि अतिनील प्रकाशात रेघा चमकतात. मादीच्या नमुन्यात फक्त एक्सच्या रेघा. नराच्या नमुन्यात एक्सच्या आणि शिवाय वायच्या. माणूस, गाय, मेंढी, शेळी, चौघांनाही तीच चाचणी.

यातली खुबी प्रयोगशाळेत हात काळे केलेल्यालाच पटकन कळते. केवळ वायचा एखादा तुकडा शोधणारी चाचणी असेल आणि रेघ उमटली नाही, तर पिल्लू मादी आहे की चाचणीच फसली हे कसं ओळखायचं? नमुना सडका असला, नळीत काही टाकायचं राहिलं, तरी उत्तर ‘कालवड’च येणार. इथे एक्सच्या रेघा प्रत्येक जिवंत नमुन्यात यायलाच हव्यात. त्या नाहीत म्हणजे चाचणी रद्द. ज्या जुळेपणामुळे झेडएफवायच्या राजेपणावर पहिला संशय आला होता, त्याच जुळेपणाने त्याला भरवशाचा साक्षीदार केलं.

१९९३ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या कर्कपॅट्रिक आणि मॉन्सन यांनी हीच जोडी वापरून काचेच्या बशीत वाढवलेल्या गायीच्या भ्रूणांचं लिंग काही मोजक्या पेशींवरून ओळखलं. आठवडाभराच्या भ्रूणाच्या चार-दोन पेशी खरवडायच्या, चाचणी करायची, आणि कालवडीचाच भ्रूण गायीत ठेवायचा. फ्रीमार्टिनचं कोडंही याच वाटेने सोपं झालं. जुळ्यातली कालवड दोन वर्षं खाऊपिऊ घालून मग वांझ निघण्याची वाट बघायची गरज नाही. वासरू लहान असतानाच थेंबभर रक्त घ्यायचं आणि त्यात वायच्या रेघा आहेत का बघायचं. रक्तच घ्यावं लागतं. कातडीच्या पेशी तिच्या स्वतःच्या, त्या खरं बोलतात आणि मादीच म्हणतात. भावाची खूण रक्तातच वाहते. लिलींना ज्यासाठी गर्भाशयं गोळा करावी लागली ते आता एका दुपारचं काम आहे. कत्तलखान्यातल्या मांसाचं लिंग, वाघ-बिबट्यांच्या विष्ठेवरून नर की मादी, अशा ठिकाणीही या जोडीला बोलावणं येतं.

मग झेडएफवायचं शरीरातलं खरं काम काय? राजा नाही, पण चौकीदार आहे. उंदरांवरच्या कामातून दिसलं की शुक्राणू तयार होताना गुणसूत्रांची वाटणी नीट झाली नाही, तर अशा सदोष पेशींना मारून टाकण्यात त्याचा हात असतो. जननक्षमतेशी त्याचा संबंध आहे. लिंग ठरवण्याशी नाही. एक्सवरचं भावंड झेडएफएक्स तर स्त्रीपुरुष दोघांत राबतं. मूलपेशींनी आपली संख्या टिकवावी यासाठी ते लागतं, हे २००७ मध्ये उंदरांत दिसलं. गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींच्या काही गाठींत त्याच्या बोटांतच बिघाड सापडला. २०२४ मध्ये काही मुलांच्या बौद्धिक वाढीतल्या अडचणींचं आणि चेहऱ्याच्या विशिष्ट ठेवणीचं कारणही त्यातला बदल असल्याचं छापून आलं.

पण महाराष्ट्रातल्या गोठ्याला जनुकाची वंशावळ नको होती, कालवड हवी होती. आणि भ्रूण खरवडणं हा चार गायींच्या मालकाचा खेळ नव्हे. त्याला लागली ती वेगळी वाट. गायीच्या एक्सवाल्या शुक्राणूत वायवाल्यापेक्षा जेमतेम ४ टक्के जास्त डीएनए असतो. १९८९ मध्ये अमेरिकी कृषी खात्याच्या लॉरेन्स जॉन्सन यांनी मेरीलंडमधल्या बेल्ट्सव्हिल इथे हा फरक लेझरखाली मोजून, शुक्राणू एकेक करून वेगळे काढून, सशांची पिल्लं जन्माला घातली. तेच तंत्र गुरांत गेलं. मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये उरुळी कांचनला बायफ ही संस्था सुरू केली तेव्हा चांगल्या वळूचं वीर्य खेडोपाडी पोचवणं हीच क्रांती होती; आता वीर्याच्या कांडीत शेकडा ९० कालवडींची हमी मागितली जाते. सांगली जिल्ह्यात भिलवडीजवळ, चितळ्यांच्या डेअरीच्या सोबतीने, जीनस एबीएस या कंपनीचं लिंगनिश्चित वीर्याचं केंद्र आहे. (भिलवडीच्या दुधाची बर्फी पुण्यात कोण विकतं ते वाचकांना सांगायला नको.) आणि ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशिममध्ये पंतप्रधानांच्या हस्ते ‘गौसॉर्ट’ या स्वदेशी तंत्राचं उद्घाटन झालं, मंडपात टाळ्या वाजल्या त्या जास्त कालवडी होणार म्हणून.

त्याच सांगली जिल्ह्यात २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या १००० मुलग्यांमागे ८५१ मुली होत्या. राज्याचा आकडा १९९१ मध्ये ९४६, २००१ मध्ये ९१३, २०११ मध्ये ८९४. महाराष्ट्राच्या पहिल्या कायद्यापाठोपाठ १९९४ चा केंद्राचा कायदा आला, आणि सेहत, मासूम या संस्था व साबू जॉर्ज यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने कान पिळल्यावर २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. त्या दुरुस्तीत गर्भधारणेच्या आधीचं निवडतंत्रही बेकायदा ठरलं. म्हणजे शुक्राणू वेगळे करण्याचं यंत्र म्हशीसाठी चालवलं तर सरकारी अनुदान, माणसासाठी चालवलं तर तुरुंग. कायदा तर्कशुद्धच आहे. तरी ऑक्टोबर २०११ मध्ये शेजारच्या साताऱ्यात जिल्हा परिषदेने २८५ मुलींना समारंभाने नवी नावं दिली तेव्हा त्यांची जुनी नावं ऐकून सगळा देश थबकला होता. त्यांच्या आईबापांनी त्यांचं नाव ठेवलं होतं नकुशी, नकुसा. एकाही गोठ्यात कालवडीला हे नाव मिळालेलं नाही. तिथे कपिला, चंद्री, हरणी, लक्ष्मी.

नेपरव्हिलच्या बेसमेंटमध्ये डोहाळजेवणाला कधी कधी मुलीची आई किंवा सासू महाराष्ट्रातून सहा महिन्यांसाठी आलेली असते. डॉक्टरांनी काय सांगितलं हे तिला ठाऊक असतं, मुलांनीच तिला सांगितलेलं असतं. पण गावाकडून बहिणीचा फोन आला की ती आपसूक आवाज खाली आणते आणि जिन्याकडे सरकते. मुलगी हसून म्हणते, अगं, इथे चालतं सांगितलेलं. ती मान हलवते, फोनवर मात्र तब्येतीचं, थंडीचं, भाज्यांच्या भावाचं बोलते. खाली तेवढ्यात वाटी उघडून झालेली असते, आणि न उघडलेली दुसरी वाटी एका चार वर्षांच्या पोराने सोफ्यामागे नेऊन निम्मी संपवलेली असते.